किड्यांना पुन्हा एकदा विचारा

२८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी साडेदहाला निरीक्षक बांग साहेबांचा फोन. गामगोल वस्तीत एकटी राहणारी म्हातारी घरात मेलेली सापडली. "अळीमास्तर, तुमची गिऱ्हाईकं आलीत," म्हणाले. सात वर्षं ते हाच विनोद करतात आणि सात वर्षं मी हसत नाही. दोघांचंही बरं चाललं आहे.

ओक बुन-ई, वय चौऱ्याऐंशी. जमिनीवरच्या गादीवर, रजई गळ्यापर्यंत. मारहाण नाही, चोरी नाही. कशाने गेली ते डॉक्टर बघतील, कधी गेली ते मी बघणार. खिडकी सताड उघडी. भिंतीवरचा तापमापक अकरा अंश दाखवत होता आणि माझाही अकराच. दोन तापमापकांचं एकमत झालं की मला बरं वाटतं, माणसांचं होत नाही. रजईखाली निळ्या माशीच्या अळ्या, भरपूर. त्यातल्या मोठ्यात मोठ्या साठ उचलल्या. निम्म्या गरम पाण्यात टाकल्या, निम्म्या डब्यात जिवंत आणल्या.

हे काम मी रेशीम केंद्रात शिकलो. तीस वर्षं रेशीमकिडे वाढवले, केंद्र बंद पडलं, मग पोलिसांना माझी आठवण झाली. किडा बदलला, हिशेब तोच. अळीने किती वेळा कात टाकली आणि हवा किती गरम होती हे कळलं की तिचं वय निघतं. उबेत ती झपाट्याने वाढते, थंडीत रेंगाळते. तिचं वय निघालं की प्रेतावर माशी कधी बसली ते निघतं, आणि माणूस त्याच्या थोडा आधी गेलेला असतो. बाकी त्रैराशिक.

प्रेत पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्या चिलगोककरणीने. माहेर चिलगोकचं, म्हणून पन्नास वर्षं सगळे तिला हेच म्हणतात. वय एकोणऐंशी. माझ्या मागे मागे फिरून बोलत होती. वास आला म्हणून खिडकी उघडली, दिवा बंद केला, गादीखालची विजेची चटई बंद केली, वायर काढून गुंडाळून ठेवली, मेलेल्या माणसाला कशाला वीज, उगाच मुलाच्या डोक्यावर बिल. मी म्हटलं, आजी, बाहेर थांबा. साक्षीदार बोलायला लागला की दहातली नऊ वाक्यं स्वतःबद्दलच असतात.

घरी आलो तर सुन-इमने नेहमीप्रमाणे अंगणातच कपडे उतरवायला लावले. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोने माझ्याकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं. पुढच्या घराची खिडकी उघडी होती.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात पुन्हा किमची मुरवायच्या फ्रीजवरून वाद. अळ्या ठेवायला त्याच्यासारखा फ्रीज नाही, तापमान पाव अंशाने हलत नाही. दोन फ्रीज आहेत. अळ्यांच्या फ्रीजवर मी लाल पट्टी चिकटवली आहे. तरी बोटांचे ठसे घेणारी क्वाक बाई माझं आडनाव घेऊन म्हणाली, "मा साहेब, एक दिवस कुणीतरी चुकून तुमचा डबा जेवायला काढेल." मी म्हटलं, झाकणावर तारीख घातलेली असते, वाचून काढावा.

अळ्या मोजल्या. दोनदा कात टाकून झालेल्या, तिसरा टप्पा नुकताच सुरू. हवामान केंद्राकडून गेल्या दहा दिवसांचे आकडे आणले, सरासरी बारा अंशांच्या खाली. एवढ्या थंडीत इथवर पोचायला आठ दिवस लागतात. म्हणजे मृत्यू १९ ते २१ ऑक्टोबरच्या दरम्यान. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिलं आहे. वेळेबद्दल त्यांनी "कीटक परीक्षकांच्या अहवालाशी सहमत" असं लिहिलं. माझा अहवाल अजून लिहून व्हायचा होता. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास आहे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

अहवाल दिला. बांग साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि टेबलावर थाप मारली.

म्हातारीकडे सेवा केंद्राची बाई यायची, सोमवारी आणि गुरुवारी. प्यो माल-सुन, वय अठ्ठावन्न. स्वयंपाक, अंघोळ, औषधं. तिच्या नोंदवहीत २१ आणि २४ या दोन्ही तारखांना सही आहे. २४ ला पुढे लिहिलंय, "भोपळ्याची पेज वाटीभर खाल्ली. तब्येत ठीक. थंडी वाजते म्हणतात."

"मेल्यावर तीन दिवसांनी पेज खाल्ली," बांग साहेब म्हणाले. "तब्येत ठीक! मेलेल्या माणसाची आणखी काय बिघडणार?"

सरळ आहे. बाई गेलीच नाही आणि घरी बसून सह्या ठोकल्या. ती गेली असती तर म्हातारी आठ दिवस तशी पडून राहिली नसती. परवाना जाईल, खटलाही उभा राहील. मला त्यात आनंद नाही, पण वाईटही वाटत नाही. या कामात मला हेच आवडतं की अळीला कुणाची भीड नसते.

४ नोव्हेंबर, सोमवार

प्यो माल-सुन ऑफिसात आली. परीक्षकाला भेटायची पद्धत नाही, पण ती खालच्या बाकावर सकाळपासून बसून होती आणि जेवायला जायचा माझा रस्ता तिथूनच आहे. बुटकी, हात सोललेले, केस नुकते कुरळे केलेले. उठून कमरेत वाकली.

"डॉक्टरसाहेब, मी प्यो."

"मी डॉक्टर नाही."

"असू दे. साहेब, मी गुरुवारी गेले होते हो. सोमवारीही गेले होते. बस चुकली म्हणून गुरुवारी वीस मिनिटं उशीर झाला, तेवढंच. आजी ओरडल्या मला. मेलेलं माणूस ओरडतं का?"

मी म्हटलं, हे सगळं बांग साहेबांना सांगा.

"सांगितलं. ते म्हणतात, किडे खोटं बोलत नाहीत. मग मी खोटं बोलते का? थंडी वाजते म्हणाल्या, म्हणून मी पाचावर लावून आले, रजई नीट खोचली, पेजेचं भांडं झाकलं. एवढं सगळं कोण रचून सांगेल?"

बारीकसारीक तपशील सांगणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. खोटं बोलणारा माणूस तपशिलांनीच घर भरतो. पाचावर काय लावलं ते मी विचारलं नाही, जेवणाची वेळ टळत होती.

जाताना ती म्हणाली, "साहेब, तुम्ही किड्यांना पुन्हा एकदा विचारा ना."

मी तिला समजावलं की त्यांना विचारता येत नाही, ते मोजावे लागतात, आणि मोजून झालेत. तिने मान हलवली. बाकावर ती एक पिशवी विसरून गेली, की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. आत पिकलेले पाच पर्सिमॉन. साक्षीदाराकडून फळ घेता येत नाही, म्हणून चौकीदाराला दिले. त्याने माझ्यासमोरच एक खाल्लं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

बाईने कबुली दिली. बांग साहेबांनी मुद्दाम वर येऊन सांगितलं. तिसऱ्या चौकशीत म्हणाली, "माझे दिवस इकडचे तिकडे झाले असतील. पेज आधीच्या आठवड्यातली असेल." खाली सही केली. सेवा केंद्राने तिला त्याच दिवशी कामावरून काढलं.

"तीन बैठका लागल्या," बांग साहेब म्हणाले. "पण तुमचा कागद समोर ठेवला की नाही, तिची मानच वर होईना."

शेवटी खरं बाहेर येतंच, असं मी म्हणालो. दिवसभर काम चांगलं झालं. का कोण जाणे, जेवण मात्र गेलं नाही. फ्रीजच्या भांडणाचा परिणाम असावा. आज खरोखरच कुणीतरी माझा डबा उघडला होता आणि बराच आरडाओरडा झाला.

११ नोव्हेंबर, सोमवार

म्हातारीचा मुलगा आला होता, हो जोंग-मुक. देगूला कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. काळा टाय लावून आला, खुर्चीत टेकला आणि कामाचं बोलावं तसं बोलला.

"साहेब, एक तारीख द्या."

"अहवालात आहे."

"अहवालात तीन आहेत. एकोणीस, वीस, एकवीस. तीन रात्री श्राद्धाचं ताट नाही मांडता येत. बायको एकच रात्र करायला तयार आहे, तीही धुसफुसत. आणि मांडलं तरी दोन रात्री ते कुणासाठी?"

मी म्हटलं, किड्यांवरून याहून जवळ जाता येत नाही. ज्यांची तिथी कळत नाही त्यांचं ताट लोक नवव्या महिन्याच्या नवमीला मांडतातच.

"माहीत आहे. लढाईतून परत न आलेल्या आजोबांचं आम्ही तसंच मांडतो." त्याने हातातलं किल्ल्यांचं जुडगं टेबलावर ठेवलं. "पण आई हरवली नव्हती हो. घरातच होती. तिची तिथी आम्हाला माहीत नाही, हे आम्ही लोकांना कसं सांगायचं?"

मग तो प्यो माल-सुनबद्दल बोलला. आई फोनवर तिचं कौतुक करायची, म्हणाला. "भुललो आम्ही. फसलो ते तिच्यावर भरवसा ठेवून." स्वतः शेवटचा कधी आला होता ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, ते माझं काम नव्हे.

त्याला शब्द दिला की प्रयत्न करून बघतो. हवामान केंद्र गामगोलपासून नऊ किलोमीटरवर आहे. खोलीतच तापमापक ठेवून दोन दिवस नोंद घेतली तर हिशेब आणखी घट्ट बसेल, तीन दिवसांचा कदाचित एक होईल. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी गामगोलला गेलो. चिलगोककरीण अंगणात बसून सोललेले पर्सिमॉन दोरीला बांधत होती, वाळवायला. ओक आजीच्या घराची किल्ली तिच्याकडेच असते.

"परत आलात? आता काय राहिलंय?"

"खोली दिवसभरात किती गरम होते ते बघायचंय, आजी."

"आता कशाने होईल? चटई तर मी बंद केली."

"कसली चटई?"

तिने हातातलं फळ खाली ठेवलं. "विजेची. गादीखालची. त्याच दिवशी सांगितलं की तुम्हाला! तुम्ही चिमटा घेऊन बसला होता, म्हणालात आजी बाहेर थांबा. थांबले. दोन तास थांबले, थंडीत."

मी विचारलं, चटई किती गरम होती.

"पाचावर होती. पाचाच्या पुढे आकडाच नाही. अहो, मी रजईत हात घातला तर गादी एवढी ऊन, मला वाटलं बुन-ई जिवंत आहे. दोनदा हाक मारली मी तिला." ती पुन्हा दोरी बांधायला लागली. "मग दिसलं."

आत जाऊन गादी उचलली. खाली चटई, तपकिरी, फुलाफुलांची, आमच्या घरी आहे तसलीच. वायर नीट गुंडाळून कोपऱ्यात. बटणावरचा बाण पाचावर. वायर लावली आणि गादी-रजईच्या मधे तापमापक सरकवला. तासाभराने चौतीस अंश. भिंतीवरच्या तापमापकावर त्याच वेळी दहा.

रेशीम केंद्रात किडे ताटांत असायचे, ताटं मांडणीवर आणि मांडणी खोलीत. सगळ्यांना एकच हवा लागायची, म्हणून भिंतीवरचा आकडा वाचला की पुरायचं. तीस वर्षं तो पुरला. गादीत मेलेली म्हातारी आणि तिच्या अळ्या भिंतीपासून हातभर अंतरावर होत्या आणि मी भिंत वाचली.

परतीच्या बसमध्ये हिशेब केला नाही. वही उघडलीच नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बाजारातून डुकराचं मुंडकं आणलं. घरची विजेची चटई काढून ऑफिसच्या सामानाच्या खोलीत अंथरली, वर गादी, त्यावर मुंडकं, वर रजई. खिडकी उघडी ठेवून खोली अकरा अंशांवर आणली. माझ्या पिंजऱ्यातल्या निळ्या माशांनी दुपारी बाराला अंडी घातली. बटण पाचावर.

क्वाक बाईने आत डोकावून पाहिलं. डुक्कर रजई घेऊन झोपलेलं बघून काहीही न बोलता दार लावून घेतलं.

घरी मात्र बोलणं झालं.

"अहो, माझी चटई कुठाय?"

"ऑफिसला नेली. कामासाठी."

"कोण झोपलंय तिच्यावर?"

मी सांगितलं.

सुन-इम म्हणाली, "हिवाळ्यात या घरात म्हाताऱ्या माणसाला ऊब लागते, ती विजेच्या चटईची लागते. सगळ्या गावाच्या बुडाखाली चटई आहे. तुमच्याही आहे, दर रात्री. आणि हे तुम्हाला कळायला डुक्कर आणावं लागलं?"

नवी चटई आणून देण्याचं कबूल केलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टीच्या दिवशी गेलो. दुपारी दोन वाजता रजई उचलली. अळ्या तिसऱ्या टप्प्यात, नुकत्याच. लांबी ओक आजीच्या अळ्यांएवढी, मिलिमीटरचाही फरक नाही. पन्नास तास.

आठ दिवस नाही. पन्नास तास.

२८ तारखेला, सोमवारी दुपारी मी त्या अळ्या उचलल्या. तिथून पन्नास तास मागे गेलं की शनिवारची दुपार येते, तारीख २६. शुक्रवारी कडक ऊन होतं, न्हाणीघराची झडप तुटकी आहे, माशांना तेवढी वाट पुरे. त्या दुपारी प्रेत असतं तर माशा शुक्रवारीच आल्या असत्या. म्हणजे ओक बुन-ई शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी दुपारच्या आत केव्हातरी गेली. गुरुवारी, २४ तारखेला, ती जिवंत होती. तिला थंडी वाजत होती आणि कुणीतरी बटण पाचावर लावून दिलं.

हिशेब चार वेळा केला. चारही वेळा तेच.

१८ नोव्हेंबर, सोमवार

प्रयोगशाळा प्रमुख योम बाईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याहून सतरा वर्षांनी लहान आहेत, पण माणूस म्हणून सरळ. ऐकून घेतलं, पाणी प्यायल्या.

"सुधारित अहवाल द्यावाच लागेल," म्हणाल्या. "चुकीचं कारण म्हणून एक रकाना असतो. तिथे 'घटनास्थळाची माहिती अपुरी मिळाली' असं लिहा. खोटं नाही ते, मा साहेब. चटईबद्दल तुम्हाला कागदावर कुणी कळवलं नव्हतं."

"तोंडी?"

"तोंडी काय, म्हातारी माणसं काहीही बोलतात. तिने नक्की काय सांगितलं आणि केव्हा, हे आता कुणाला आठवतंय?"

चूक तुमची ठरली तर तुमच्या आधीच्या सगळ्या अहवालांवर वकील तुटून पडतील, असंही म्हणाल्या. ते खरं आहे. सात वर्षांत एकशे बारा अहवाल. मी रकान्यात तेच वाक्य लिहिलं. सुवाच्य आलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सही करायच्या आधी चटईबद्दल मला नेमकं कधी कळलं ती तारीख घालायची होती. १३ नोव्हेंबर लिहिणार होतो. खात्री करावी म्हणून ही वही उघडली.

२८ ऑक्टोबर. माझंच अक्षर. "गादीखालची विजेची चटई बंद केली, वायर काढून गुंडाळून ठेवली." पुढे ४ नोव्हेंबर. "पाचावर लावून आले." काय पाचावर लावलं ते मी विचारलं नाही, हेही लिहून ठेवलंय, जेवणाच्या वेळेसकट.

माहिती अपुरी मिळाली नव्हती. पूर्ण मिळाली होती, दोन बायकांनी दोन वेगवेगळ्या दिवशी दिली होती, आणि मी ती घरी येऊन नीट उतरवूनही घेतली. मला लाज वाटली. कुणासमोर नव्हे, खोलीत एकटाच होतो, तरी उठून दार लावलं.

७ नोव्हेंबरचं पान पुन्हा वाचलं नाही. त्यात काय आहे ते पाठ आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

रकान्यातलं वाक्य खोडलं. "परीक्षकास घटनास्थळी सांगितले होते. परीक्षकाने ऐकले नाही," असं लिहिलं आणि पुरावा म्हणून या वहीच्या दोन पानांच्या छायाप्रती जोडल्या. पहिल्या पानावर अंगणात कपडे उतरवल्याचंही आहे. योम बाई म्हणाल्या, ते तरी झाकून छापा. मी म्हटलं, एक ओळ झाकली की आणखी काय झाकलंय असं कुणीतरी विचारणार. त्यांनी शिक्का मारला.

बांग साहेबांनी या वेळी बसून वाचलं. अंगणाच्या ओळीवर थांबले, पण हसले नाहीत. सात वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना हसायला जागा दिली होती.

"पण बाईने कबूल केलंय," ते म्हणाले. "सही आहे तिची."

"तुम्ही तिच्यासमोर माझा कागद ठेवला होता."

"म्हणून माणूस न केलेलं कबूल करेल?"

"तुम्ही नाही का केलं? डॉक्टरांनी नाही का केलं? माझा कागद लिहून व्हायच्या आधीच त्यांनी सहमती दिली."

त्यांनी कागद घडी घालून फाइलीत ठेवला. मग म्हणाले की कबुली रद्द करायला वरून परवानगी लागते, पंधरा दिवस तरी जातील. मी म्हटलं, तोवर मी तिला सांगितलं तर चालेल का. अधिकृतपणे नाही, म्हणाले. खिडकीबाहेर बघत त्यांनी तिचा पत्ता सांगितला. सेवा केंद्राने काढल्यापासून ती बाजाराच्या मागे पर्सिमॉन सोलायला जाते.

हो जोंग-मुकला फोन करून तारीख कळवली. शुक्रवार दुपार ते शनिवार दुपार, अजूनही एक नाही, दोन. त्याने दोन्ही तारखा पुन्हा म्हणून पाहिल्या. मग म्हणाला, "शुक्रवारची रात्र धरतो. आई कुठेही वेळेच्या आधीच पोचायची." फोन ठेवता ठेवता विचारलं, "म्हणजे ती बाई येत होती?"

"येत होती."

"आम्ही तिला फोन करून नको ते बोललो," म्हणाला. "बायकोही बोलली."

मी म्हटलं, नंबर असेलच तुमच्याकडे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज गेलो. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना बायका, मधे फळांचे डोंगर. सोलायचं यंत्र गरगरतं, त्यावर फळ टोचायचं, साल एका लांब पट्टीत उतरते. प्यो माल-सुन तिसऱ्या टेबलावर होती, रबरी हातमोजे, डोक्याला रुमाल. मला पाहिलं आणि पटकन उठून वाकली. हातातलं फळ खाली पडलं.

तिला वाटलं, आणखी चौकशी आहे. "साहेब, मी सही केली ना. सगळीकडे केली," म्हणाली.

मी उभ्या उभ्या सांगायला लागलो. अळ्या, चौतीस अंश, पन्नास तास, भिंतीवरचा तापमापक. वाटेत सगळं नीट जुळवून आणलं होतं, पण यंत्रांच्या आवाजात ते कुठच्या कुठे जात होतं. ती मान हलवत होती, त्या दिवशी बाकाजवळ हलवली होती तशीच. शेवटी म्हणालो, चूक माझी होती. मला त्या शेजारणीने सांगितलं होतं, तुम्हीही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला माफ करा. आणि वाकलो. आजूबाजूच्या दोन बायकांनी यंत्रं थांबवली.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. बोलणी ऐकायची तयारी करून गेलो होतो. ती खुर्चीत बसली आणि हातमोजा काढून मांडीवर ठेवला.

"सुरुवातीला मला ठाऊक होतं, मी गेले होते," ती म्हणाली. "मग ते म्हणाले, किडे सांगतात. पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वेळी कागद दाखवला, त्यावर आकडे होते. तेव्हा मला वाटायला लागलं, मी गेलेच नसेन. पेज आठवायची, भांडं आठवायचं, पण वाटायचं ते मागच्या गुरुवारचं असेल. नवऱ्याला विचारायचे, अहो, मी त्या दिवशी गेले होते का हो? तो म्हणायचा, मला काय माहीत, मी शेतावर होतो. बसवाल्याला विचारलं. त्यालाही आठवेना." तिने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. "साहेब, मला वाटलं, माझं डोकं गेलं. आईचं गेलं होतं तसं. नोकरी गेली त्याचं काही नाही. पण मी कुठे होते ते मलाच सांगता येईना."

एकशे बारा अहवालांत मी वेळा लिहिल्या, त्या वाचून समोरचा माणूस काय करतो हे कधी विचारलं नव्हतं. जे निश्चित माहीत होतं तेवढंच बोललो.

"तुम्ही गेला होता. चोवीस तारखेला, गुरुवारी. आजी जिवंत होत्या. तुम्ही बटण पाचावर लावलं."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

तिने डोळे मिटून घेतले आणि बोटाने पुढे चला अशी खूण केली. मी तिसऱ्यांदा सांगितलं, या वेळी सावकाश. तेव्हा तिने वळून पलीकडच्या टेबलावरच्या बाईला हाक मारली.

"अगं, ते यंत्र बंद कर आणि इकडे ये. साहेब काय म्हणतात ते ऐक."

ती बाई हात पुसत आली. आणखी चारपाच जणी आल्या. मी चौथ्यांदा सांगितलं.